झुलत्या मालाला हात लावू नका

(बांधकामावर राबणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणारे लेखक रिगिंग फोरमन, म्हणजे क्रेनला माल बांधून उचलणाऱ्या गँगचे प्रमुख, म्हणून निवृत्त झाले असून पनवेलला राहतात. या वेळी निवडलेली सगळी पत्रं क्रेनला टांगलेल्या आणि हेलकावणाऱ्या मालाबद्दल आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.)

प्रश्न : काका, मी हिंजवडीला एका साइटवर क्रेनच्या गँगमध्ये आहे. आधी बिगारी होतो, दिवाळीनंतर इकडे घेतलं. सळईचा बंडल उचलताना झुलला की दोघांनी दोन टोकं धरायची आणि थांबवायचा, असं मुकादम सांगतो. परवा आमच्यातला एक जण बंडल आणि कॉलमच्या मध्ये सापडला, बरगड्या मोडल्या. मुकादम म्हणतो, त्याने जोर कमी लावला. नेमका किती जोर लावायचा असतो?

उत्तर : अजिबात नाही लावायचा. तुझा मुकादम ज्याला जोर म्हणतो त्याचा हिशेब मांडून देतो, वाटल्यास त्याला वाचून दाखव.

बंडल टनाचा तरी असेल. बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकापासून मालापर्यंत २० मीटर दोर धरू. हुक बंडलाच्या बरोबर डोक्यावर न आणता २ मीटर बाजूला ठेवूनच उचललं. हे रोज चालतं. ऑपरेटरला बूम परत फिरवायचा कंटाळा, खालच्याला घाई, आणि मग 'उचल रे, येतो तो आपोआप' असं कोणीतरी ओरडतं. येतो तर खराच. जमीन सुटली की बंडल बूमच्या टोकाखाली येतो, पण तिथे थांबत नाही, पलीकडे तेवढाच २ मीटर जातो. मधून जाताना त्याचा वेग तासाला ५ किलोमीटर असतो, म्हणजे आपल्या चालण्याइतका. माणूस फसतो तो इथेच. गाडी अंगावर आली तर आपण उडी मारतो. चालत्या पावलांनी येणारी वस्तू बघून मात्र हात आपोआप पुढे होतो.

आता एक टन माल त्या वेगात अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचा तर सरासरी २०० किलोचा रेटा द्यावा लागतो. दोघांत वाटला तरी माणशी शंभर, तोही ओल्या मातीवर उभं राहून. पाय सरकला आणि पाठीला कॉलम लागला की थांबायला अर्धा मीटर उरतच नाही. छाती दबेल तेवढे चार-पाच सेंटिमीटर उरतात, आणि तोच रेटा २ टनांवर जातो. त्या पोराने पुरेपूर जोर लावला होता, म्हणूनच तो मध्ये सापडला. हात न लावता बाजूला झाला असता तर बंडल कॉलमला आपटला असता. फार तर काँक्रीटचा टवका उडाला असता.

झोका मोडायचं काम ऑपरेटरचं. माल झोक्याच्या टोकाला पोचतो तेव्हा तो क्षणभर थांबतो, त्याच वेळी बूम त्याच्या डोक्यावर न्यायचा. याला झोका पकडणं म्हणतात आणि चांगला ऑपरेटर एक-दोन हेलकाव्यांत पकडतो. २० मीटर दोराला जाऊन-येऊन एका हेलकाव्याला सुमारे ९ सेकंद लागतात, माल कितीही जड असो. झोपाळ्यावर पोर बसलं काय नि पैलवान बसला काय, हेलकाव्याचा वेळ कड्यांच्या लांबीवर ठरतो, तसंच हे. तेव्हा ऑपरेटरकडे भरपूर वेळ असतो. नसते ती खालच्यांची सबुरी. झुलत असताना 'हबेस, हबेस' करून माल वर घ्यायला लावू नका. दोर आखडतो तसा झोक्याचा कोन वाढतो.

पण खरं काम माल उचलायच्या आधीचं आहे. हुक मालाच्या मध्यावर आला का, हे समोरून एकदा आणि बाजूने एकदा बघायचं; एकाच बाजूने बघितलं तर दुसरीकडचा तिरकेपणा कळत नाही. मग पट्टे ताणून घ्यायचे. ताणताना बोटं पट्टा आणि मालाच्या मध्ये असतात, आपल्या धंद्यात बोटं जातात ती बहुतेक तेव्हाच. पट्टा धरून ठेवावाच लागला तर उघड्या तळव्याने बाहेरून दाबायचा, मूठ करून नाही. त्यानंतर अर्धा फूट उचलायचं आणि थांबायचं. माल एका बाजूला कलला तर खाली ठेवून पुन्हा बांधायचा. मोबाइल क्रेन असेल तर आणखी एक गंमत असते. वजन आलं की बूम वाकतो आणि हुक क्रेनपासून लांब सरकतो. त्यामुळे जड माल जमीन सोडताना बाहेरच्या बाजूला झेपावतो आणि क्रेनच्या समोर, मालापलीकडे उभा असलेला माणूस नेमका त्याच्या वाटेत असतो. तिथे कोणी थांबायचं नाही.

सळईबद्दल दोन गोष्टी. १२ मीटरचा बंडल एका पट्ट्यावर कधीही उचलू नये. तो गोल फिरतो, एक टोक खाली जातं आणि मधल्या सळया बाणासारख्या निसटतात. दोन पट्टे, प्रत्येकाला दोन वेढे, आणि मग फास. बंडलाला कारखान्यातून जी तार बांधून येते तिच्यात हुक अडकवणारे महाभाग अजून आहेत. ती तार बंडल एकत्र राहावा म्हणून असते, उचलायला नसते.

ट्रकवरून माल उतरवताना बंडलांवर उभा राहणारा गडी तर मला बघवत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना फाळके, मागे केबिन, आणि समोर झुलणारं लोखंड. पट्टे अडकवले की त्याने खाली उतरायचं, ट्रकपासून लांब जायचं, आणि मगच सिग्नल. उतरायला लागणारं अर्धं मिनिट मुकादमाला जड वाटत असेल तर ते त्याने स्वतः ट्रकवर उभं राहून वाचवावं.

प्रश्न : सर, मी उलव्याला साइट इंजिनियर आहे, पहिलीच नोकरी. आमच्याकडे टॅग लाइन, म्हणजे मालाला बांधून खालून धरायचा दोर, सक्तीची आहे. रोज सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, मीच सांगते. तरी गेल्या महिन्यात दोर धरणाराच स्लॅबच्या कडेवरून ओढला गेला. खाली सेफ्टी नेट होतं म्हणून वाचला. सांगण्यात माझं काय राहून जातंय?

उत्तर : तुम्ही दोर धरायला सांगता, कुठे, कसा आणि कधी सोडायचा हे बहुधा सांगत नाही. बहुतेक साइटवर हीच गत आहे. टॅग लाइन म्हणजे रजिस्टरमधली एक टिक झाली आहे.

आधी हे गँगच्या डोक्यात घाला, की या दोराने माल फिरायचा थांबतो, झुलायचा नाही. लांब गर्डर किंवा शटरिंगचं (काँक्रीटच्या साच्याचं) पॅनल गरगर फिरू नये, त्याचं तोंड हव्या त्या दिशेला राहावं, एवढ्यासाठी तो असतो. टनाचा झोका दोराने ओढून थांबवायला जाल तर मघाच्या पत्रातलाच हिशेब लागू होतो. फक्त माणूस दाबला जायच्या ऐवजी ओढला जातो. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आता दोर हातात घेऊन बघा. टोकाला गाठ आहे का? फास आहे का? असेल तर आजच कापून टाका. गाठ कुठेतरी स्कॅफोल्डिंगमध्ये अडकते आणि माल एकदम वळतो. फासात मनगट अडकतं. बांधकामावरच्या लोकांना दोर हाताला दोन वेढे मारून धरायची सवय असते, कारण विहिरीचं पाणी असंच ओढलेलं असतं. इथे ती सवय मोडावीच लागते. दोर नुसता मुठीत, दुसऱ्या हातातून मोकळा, पाठीमागे पडलेला भाग पायात येणार नाही असा. कमरेला बांधायचा नाही, आणि कॉलमला किंवा गाडीलाही नाही. पक्का बांधलेला दोर ताणला की क्रेनवर बाजूचा ओढा येतो, जो ती सोसायला बनवलेलीच नसते.

लांबीचा अंदाज द्यायचा तर, माल १० मीटर उंच असताना धरणाऱ्याने त्याच्यापासून निदान तेवढंच लांब उभं राहायला हवं, म्हणजे दोर १५ मीटरच्या आसपास. मी बघितलेले बहुतेक दोर तीन-चार मीटरचे असतात. एवढ्याशा दोराने माणूस मालाखालीच उभा राहतो. लांब मालाला दोन्ही टोकांना एकेक दोर हवा, आणि दोघेही ऑपरेटरला किंवा सिग्नलमनला दिसले पाहिजेत. नायलॉनचा दोर ताणतो आणि झटका देतो, त्यापेक्षा सुती किंवा मनिला बरा. विजेच्या तारा जवळ असतील तर ओला दोर चालणार नाही. दोर कोरडा असला तरी तारांपासूनचं अंतर सोडायचं नाही.

स्लॅबच्या कडेला मात्र टॅग लाइन घेऊन कोणी उभं राहायचंच नाही. माल स्लॅबवर आत येऊ द्या, कमरेच्या खाली उतरू द्या, मग जवळ जा. शेवटचा हातभर सरकवायला ढकलकाठी वापरा. दीड-दोन मीटरची, टोकाला रबर किंवा कोन असलेली काठी हल्ली सर्रास मिळते. हात आणि माल यांच्यात दीड मीटर राहतं, ते पुरतं.

आणि रोजच्या टूलबॉक्स टॉकमध्ये हे वाक्य शेवटी नाही, सुरुवातीलाच सांगा : माल ओढायला लागला तर दोर सोडून द्या, त्याबद्दल कोणी बोलणार नाही. तुमचा तो माणूस कडेपर्यंत ओढला गेला तो बहुधा दोर सोडला तर शिव्या बसतील या भीतीने. तुम्ही इंजिनियर आहात, तुमच्या तोंडून ही मुभा आली तर मुकादमाचंही तोंड बंद होतं.

प्रश्न : घोडबंदर रोडला टॉवर क्रेन चालवतो. ३ बाय ३ मीटरची शटरिंग पॅनलं वर चढवायची होती. मीटरवर वारा ताशी ३५-३६ किलोमीटर होता. मी नको म्हटलं तर सुपरवायझर वॉकीवर म्हणतो, क्रेनच्या पुस्तकात ७२ लिहिलंय, तू कशाला घाबरतोस. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. पुस्तकातले ७२ क्रेनचे आहेत, पॅनलचे नाहीत.

क्रेन बनवणारा वजन उचलायचा तक्ता तयार करतो तेव्हा मालाला किती वारा अडेल याचा एक अंदाज धरतो. बऱ्याच तक्त्यांत तो टनामागे १ ते सव्वा चौरस मीटरच्या आसपास असतो. तुमचं पॅनल अर्ध्या टनाचं असेल, म्हणजे तक्त्याच्या हिशेबात त्याचं अंग जेमतेम अर्धा-पाऊण चौरस मीटर. प्रत्यक्षात ते ९ चौरस मीटर आहे. त्यामुळे सुपरवायझरच्या त्या आकड्याचा इथे काही संबंध राहत नाही.

ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात ९ चौरस मीटरच्या सपाट पॅनलवर साधारण ६५ ते ७० किलोचा रेटा येतो. अर्धा टन वजन आणि ३० मीटर दोर धरला तर पॅनल सरळ रेषेपासून ४ मीटर बाजूला लटकेल. वारा कायम तसाच वाहिला तर निदान ते तिथेच राहील, पण तो झोतात येतो. झोत आला की ४ मीटर बाहेर, गेला की परत आत, आणि आत म्हणजे बिल्डिंगच्या दिशेने, जिथे तीन माणसं ते घ्यायला उभी आहेत. वारा दीडपट, म्हणजे ५४ झाला तर रेटा सव्वादोनपट होतो आणि पॅनल आठ-साडेआठ मीटर बाजूला जातं. दोन उंच बिल्डिंगांच्या फटीतून वारा आणखी जोर धरतो, आणि ते तुमच्या मीटरला कळत नाही, कारण मीटर वर मोकळ्यावर असतं. उलटही होतं : खाली सुपरवायझरला पान हलताना दिसत नाही आणि वर तुमची केबिन डोलत असते.

तुमच्या सुपरवायझरला मिलवॉकीची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या या शहरात मिलर पार्क नावाचं बेसबॉलचं स्टेडियम बांधत होते. १४ जुलै १९९९ रोजी छपराचा ४०० टनांहून जड तुकडा भल्यामोठ्या क्रेनने उचलला. क्रेनला वारा किती चालेल हे बघितलं होतं, पण त्या अवाढव्य तुकड्यालाच किती वारा अडेल, याचा हिशेब केला नव्हता. क्रेन कोसळली. दुसऱ्या क्रेनच्या पाळण्यात उभे असलेले तीन लोखंड-कामगार गेले. तिथे पुस्तकंही होती आणि इंजिनियरही होते.

मीटर नसेल तर जुनी खूण आहे : धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की वारा २० ते २८ च्या घरात आहे, लहान झाडं डोलायला लागली की तो ३० च्या वर गेलाय. पॅनल, पत्रा, प्लायवूड असल्या पसरट मालाला मी धूळ उडायला लागली की थांबायचो. सळई, विटांचा पाळणा तेव्हाही चालतो. मे महिन्याच्या शेवटी वळवाचं वारं येतं, ते तर पाच मिनिटांत शून्यावरून पन्नासावर जातं. आभाळ काळवंडलं की पसरट माल हुकावर घ्यायचाच नाही. तुम्ही वॉकीवर नको म्हणालात ते उत्तम केलंत. यापुढे वेळ आणि मीटरवरचा आकडा लॉगबुकातही लिहा. वॉकीवरचं बोलणं हवेत जातं, लॉगबुक उरतं.

प्रश्न : चाकणला माझी स्वतःची हायड्रा, म्हणजे माल उचलून चालणारी छोटी क्रेन, आहे. माल उचलून साइटवर इकडून तिकडे न्यायचा असतो, तेव्हा हेल्पर पुढे माल धरून चालतात. सगळीकडे असंच चालतं. एका मोठ्या कंपनीने मात्र हायड्रा गेटवरूनच परत पाठवली. यात एवढं काय वावगं आहे?

उत्तर : मालक, सगळीकडे असंच चालतं म्हणूनच त्या कंपनीने गेट बंद केलं. काही मोठ्या कंपन्यांनी हायड्रा पूर्ण बंद केल्या आहेत, काहींनी फक्त माल घेऊन चालवायला मनाई केली आहे, आणि त्यांचं मला पटतं.

तुमच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर बूम आणि माल. माल धरून चालणारा हेल्पर त्याला दिसतो तो तुकड्या-तुकड्याने, आणि तो हेल्पर उलट पावली चालत असतो. खड्डा आला की पुढचं चाक आपटतं, माल वर उसळून पुढे झेपावतो. हेल्पर मागे पडतो. मग माल अंगावर येतो, किंवा माल वाचला तर टायर येतो. शिवाय हायड्रा मधोमध वळते. वळलेल्या अवस्थेत ती सरळ असताना उचलते तेवढं वजन उचलू शकत नाही, आणि नेमकं वळणावरच माल बाहेर फेकला जातो.

लांब न्यायचं असेल तर ट्रॉली लावा. हायड्राने चढवा, हायड्राने उतरवा. पन्नास-साठ फूट नेल्यावाचून इलाजच नसेल तर बूम आखडता, माल जमिनीपासून फूटभर, आणि माल दोराने हायड्राच्याच पुढच्या हुकांना मागे बांधून घ्यायचा म्हणजे तो झुलणार नाही. पुढे कोणी नाही. एक माणूस बाजूने, ड्रायव्हरला पूर्ण दिसेल असा, शिट्टी घेऊन. आणि रस्ता आधी सपाट करून घ्या. जेसीबी साइटवर असतोच, त्याला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : साहेब, आम्ही माजलगाव तालुक्यातले. माझे मालक पुण्याला बिल्डिंगच्या कामावर आहेत. क्रेनवरच्या पायपांचा गठ्ठा झुलून त्यांच्या डाव्या कुशीत लागला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन पाठवलं. दोन दिवसांनी चक्कर येतेय, डावा खांदा दुखतोय म्हणतात. ठेकेदार म्हणतो चूक त्यांचीच आहे, गठ्ठ्याला हात लावायला गेले, पैसे मिळणार नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, हे पत्र आलं त्याच दिवशी संपादकांनी मला वाचून दाखवलं आणि आपलं फोनवर बोलणं झालं. तुमचे यजमान आता धोक्याबाहेर आहेत, याचा आनंद आहे. तरी इथे उत्तर छापतोय, कारण असा मार लागलेले आणि गोळी घेऊन खोलीवर झोपलेले पुष्कळ आहेत.

कुशीत, बरगड्यांच्या खाली मार बसला तर वरून नुसता काळा-निळा डाग दिसतो. आत डाव्या बाजूला प्लीहा असते. ती फाटली तर रक्त पोटात साठत जातं आणि ते वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखतं मात्र खांद्यात. म्हणून खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखणं ही वाईट खूण आहे. कधी प्लीहेच्या बाहेरचं आवरण रक्त अडवून धरतं आणि माणूस दोन दिवस, चार दिवस हिंडतो-फिरतो, मग अचानक कोसळतो. चक्कर, गार घाम, पोट फुगणं, लघवीला लाल होणं, श्वास घेताना टोचणं, यातलं काहीही दिसलं तर मालिश नाही, शेक नाही, सोनोग्राफी असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. आणि डॉक्टरला 'पडलो' असं सांगायचं नाही, जे ठेकेदार हमखास सांगायला लावतात. 'क्रेनचा माल लागला' असंच सांगायचं. त्यावरून डॉक्टर काय शोधायचं ते ठरवतात, आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या, कागदावर तेच लिहिलं जातं. पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

आता पैशांचं. मी वकील नाही, पण इतकी प्रकरणं जवळून पाहिली आहेत की मूळ गोष्ट ठाऊक आहे. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर भरपाई काम देणाऱ्या मालकाने द्यायची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. आता ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलंय आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. यात कामगाराचा निष्काळजीपणा हे कारण चालत नाही. दारू पिऊन होता, जाणूनबुजून स्पष्ट हुकूम मोडला, किंवा सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढून टाकली, एवढंच मालकाला म्हणता येतं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही म्हणता येत नाही. तुम्ही फोनवर सांगितलंत, की यजमानांना हात लाव असं मुकादमानेच सांगितलं होतं. म्हणजे त्यांनी हुकूम मोडला नाही, पाळला.

ठेकेदाराने हात वर केले तरी ज्याचं मूळ काम आहे त्याच्याकडून मागता येतं. काही काळ काम करता येणार नसेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याकाठी साधारण अर्धा पगार, मिळायला हवा. मात्र पगार धरताना सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा लागते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. त्यांच्या पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापत असतील तर हे सगळं ईएसआयकडून घ्यायचं असतं, ते आधी विचारून घ्या.

आज करायचं ते एवढंच : फोनवर पगार आलेले मेसेज जपून ठेवा, साइटच्या गेटपासचा फोटो काढा, त्या दिवशी सोबत असलेल्या दोघांची नावं-गावं लिहून घ्या. गँग पंधरा दिवसांत दुसऱ्या शहरात गेलेली असते, मग साक्षीदार सापडत नाही. कोऱ्या कागदावर किंवा 'तडजोड झाली' अशा कागदावर अंगठा देऊ नका, ठेकेदार कितीही गोड बोलला तरी. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे कामगाराला वकील मोफत मिळू शकतो.

बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंद आहे का, तेही बघा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याची नोंद होते. ती असेल तर मंडळाच्या मदतीच्या योजना वरच्या भरपाईखेरीज मिळतात. नसेल तर बरे झाल्यावर पहिलं काम तेच.

प्रश्न : आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या गल्लीवरून टॉवर क्रेनचा माल जातो. शाळा सुटायच्या वेळीही. मुख्याध्यापक म्हणून मी काय करू शकतो?

उत्तर : सर, माणसांच्या डोक्यावरून माल न्यायचा नाही, हा क्रेनचा पहिला नियम आहे, मग ती माणसं साइटवरची असोत की रस्त्यावरची. साइटच्या प्रोजेक्ट मॅनेजरला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. त्यात शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळा लिहा, आणि एकच मागणी करा, क्रेनला त्या बाजूला फिरायची हद्द घालून द्या. आताच्या बहुतेक टॉवर क्रेनमध्ये तशी हद्द बसवता येते. पत्राची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि पोलीस ठाण्याला, दोन्हीकडून पोच घेऊन. आठवडाभरात फरक पडला नाही तर माल गल्लीवर असतानाचा व्हिडिओ काढा, पण गल्लीच्या टोकाला उभं राहून, मालाखाली नाही.

(पुढच्या अंकात वायर रोप कधी बाद करायचा, यावरची पत्रं घेणार आहोत. पत्रात गावाचं नाव जरूर लिहा, साइटचं आणि ठेकेदाराचं लिहू नका.)